अनुस्वार फुकट

दस्तगीरचाचा भवानी पेठेत पाट्या रंगवायचे.
दर अक्षरामागे. जोडाक्षर डबल,
काना-मात्रा-वेलांटी अक्षराच्या पोटात,
अनुस्वार फुकट.
पण तो शेवटी, पैसे हातात पडल्यावर.
एका दुकानावर आठ दिवस
'रग भाडार' अशी पाटी होती.
नवव्या दिवशी मालक स्वतः शिडी धरून उभा.

मी त्यांच्याकडे दोन सुट्ट्या ब्रश धुतले.
अक्षर थोडंफार आलं. दर सांगणं नाही आलं.

आता धायरीत, तिसऱ्या मजल्यावर, रात्रीचे सव्वाबारा,
समोर कोरं कोटेशन.
मार्केट यार्डातल्या धुमाळांना 'श्रीरंग हिंग'चं
नाव नव्याने काढून हवंय, डबी हवीय, लेबल हवंय.
नमुन्याची डबी त्यांनी आपुलकीने दिली,
तेव्हापासून माझ्या उशीलाही फोडणीचा वास.
"तुम्हाला काय, अर्ध्या तासाचं काम," म्हणाले.
"भाचा तीन हजारात करतोय. पण म्हटलं
तुम्हाला विचारावं."
चला, कोणी तरी हिंग लावून विचारलं.

बाणेरला नोकरी आहे, हो म्हटलं तर.
पंचावन्न हजार, फिरती खुर्ची, पीएफ.
बावीस दिवस, आठ तास: ताशी तीनशे साडेबारा.
तिथेच सौमित्र बसतो, माझ्याच वर्गातला.
त्याला विचारलं, तुला किती?
इकडेतिकडे बघत त्याने चहात बोट बुडवून
टेबलावर आकडा लिहिला. चौसष्ट.
मला नीट वाचू देण्याआधी पुसलासुद्धा.
पगार विचारू नये म्हणतात, आणि बाईचं वय.
माझं वय त्यांनी दुसऱ्याच प्रश्नात विचारलं,
तिसऱ्यात, लग्नाचं काय.

वहीच्या मागच्या पानावर मांडते.
पंचावन्न तेच. वर चौदा:
लॅपटॉपचा हप्ता, सॉफ्टवेअरचं भाडं, वीज,
आजारी पडले तर, आणि पडणारच.
एकोणसत्तर.
महिन्यात विकता येतील असे तास ऐंशी,
बाकीचे "जरा लाल करून बघा ना" ऐकण्यात जातात,
आणि बिलाची आठवण किती गोड करावी, यात.
भागाकार: आठशे साडेबासष्ट.
पुन्हा केला. पेन बदलून केला.
गुणिले अठ्ठेचाळीस तास.
एक्केचाळीस हजार चारशे.

आकडा बघून मलाच घाम.
चारशे काढले. मग हजार.
मग पस्तीस केले, मग तीस,
अठ्ठावीसवर आल्यावर लक्षात आलं
समोर कोणीच नाही,
धुमाळ केव्हाच झोपलेत,
घासाघीस मी एकटीच करतेय, दोन्ही बाजूंनी.

आणि गोची अशी, की कल्पना सुचलेलीच आहे.
परवा वरणाला फोडणी देताना.
'श्रीरंग हिंग'वरचे दोन्ही अनुस्वार
हिंगाच्या खड्यांचे. ओबडधोबड, पिवळट तपकिरी.
बाकी अक्षरं अगदी साधी.
अर्धा ताससुद्धा नाही लागला.
धुमाळ बरोबर होते म्हणायचे?
बराच वेळ तशीच बसले.
खाली कोणाची तरी गाडी किक मारून मारून सुरू होत नव्हती.

मग आकडा पुन्हा होता तिथे नेला.
खाली अक्षरी लिहिलं:
रुपये एक्केचाळीस हजार चारशे फक्त.
फक्त.
चाचांच्या हिशेबाने हे तीन अक्षरांचं काम,
'फ' एक, 'क्त' डबल,
आणि मी सहा वर्षं ते प्रत्येक बिलावर
फुकट लिहीत आलेय.
खोडलं.
सोबत नाव जोडलं, खडे न लावता, आणि पाठवून दिलं.

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी धुमाळ:
"ताई, 'श्रीरग हिग' झालंय. टिंबं राहिली."
रकमेबद्दल एक अक्षर नाही.

मी अजून उत्तर दिलेलं नाही.
आधी चहा टाकते.